बंद कॅमेरा

आमच्या सोसायटीतले निवृत्त हवालदारकाका कधी प्रश्न विचारत नसत, सरळ उत्तरच समोर ठेवत. भाजीवाल्याला म्हणायचे, “कोथिंबीर कालची आहे. तुझ्या बायकोनंच सांगितलं मला.” तो बिचारा मुकाट्यानं जुडी बदलून द्यायचा. मग काका आमच्याकडे बघून डोळे मिचकावायचे. “चौकीत पण हेच. खोटं आपण बोलायचं, खरं त्यानं ओकायचं.” आम्ही दर वेळी हसायचो.

पाण्याच्या टाकीची मोटार गायब झाली तेव्हा आम्ही वॉचमनला त्यांच्यापुढे उभं केलं. पेठ तालुक्याकडचा माणूस, कधी मान वर करून न बोलणारा. काका हळू आवाजात म्हणाले, “कॅमेऱ्यात दिसलास.” कॅमेरा दिवाळीपासून बंद होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. वॉचमन स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाला, “दिसलो आसंल तर मीच आसंल, साहेब.” आम्ही टाळ्या वाजवल्या. संध्याकाळच्या एसटीनं तो गावी गेला.

मोटार अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात सापडली. सेक्रेटरींच्या भावानं ती दुरुस्तीसाठी वाइंडिंगला दिली होती आणि सांगायला विसरला होता. काका पेठला जाऊन आले, पण वॉचमन द्राक्षांच्या कामाला कुठंतरी निघून गेला होता.

आता काका भाजीवाल्याकडून देईल ती जुडी घेतात. परवा कोणीतरी चौकीतला किस्सा सांगायचा आग्रह धरला. काकांनी आमच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच प्रश्न विचारला.

“मी खोटं बोलतोय हे तुम्हाला माहीत होतं. मग त्याचं बोलणं तेवढं खरं कसं वाटलं?”