हळद लावलेलं मशीन

रखमाजीला मी खरं तर फारसा ओळखत नव्हतो. डोंगरकडा गावात आमची घरं एकाच गल्लीत, पण तो कायम मेंढरांमागे आणि मी कमी बोलणारा. त्याच्याविषयी मी लिहावं का, हेही कळत नाही. एका मशीनपायी काही महिने आमची गाठ पडत राहिली, तेवढंच सांगतो.

२००९ सालची दिवाळी जवळ आली होती. रखमाजीचा उजवा अंगठा वळेनासा झाला, कात्री धरवेना. उन्हाळ्याआधी लोकर कातरली नाही तर मेंढरं हैराण होतात. पोरं म्हणत, "जमत न्हाई तर कळप इकून टाका." त्याला त्याचीच धास्ती. म्हणून भाचा शिवहार याने हिंगोलीच्या नेट कॅफेतून लोकर कातरायचं मशीन मागवलं. जाहिरातीच्या चित्रात धष्टपुष्ट मेंढी होती.

खोकं उघडताच रखमाजीची बायको चंद्रभागाबाई हिने नव्या अवजाराला लावतात तशी मशीनला हळदकुंकवाची बोटं ओढली, नारळ फोडला. मग मेंढी धरली. मशीन थोडं घुरघुरलं आणि लोकरीत अडकून बंद पडलं. शिवहार म्हणाला, "मामा, हे कुत्र्याचे केस कापायचं हाय."

शिवहारने तक्रार केली, तर कंपनीने फोटो मागवले. फोटोत हळद दिसली. फोनवरचा माणूस म्हणाला, "बाबाजी, माल इस्तेमाल हुआ है, वापस नहीं होगा."

"अवो, पुजलंय ते!" रखमाजी ओरडला. फोन बंद.

तेव्हापासून तो एका जागी बसेना. ओट्यावर टेकला की उठायचा. दलाल गुलाबचंद कळप बघून गेला, त्या दिवशी तो माझ्या दारात येऊन येरझारा घालू लागला.

"भाऊ, कुठं दाद मागावी?"

मी भीत भीत ग्राहक मंचाचं नाव घेतलं.

"वकील लागन की."

"बहुतेक नाही लागत," मी म्हणालो. खात्री नव्हती. हिंगोलीला जाऊन विचारून आलो. आपला अर्ज आपल्याला देता येत होता. शिवहारने जाहिरातीचं पान छापून घेतलं, बिल आणि फोटो जोडले. अर्ज मी लिहिला, खाडाखोड करत.

तारखा पडत गेल्या. थंडी ओसरू लागली तशी त्याची तगमग वाढली. शेवटच्या तारखेला कंपनीचा वकील म्हणाला, माल वापरलेला आहे. मंचाच्या साहेबांनी रखमाजीला विचारलं, "हळद का लावली?"

"नवी चीज आली की लावतेतच, साहेब. म्हशीला बी लावतो. म्हणून ती जुनी होते का? अन् चालवल्याबिगर खोट कळन कशी?"

सगळे हसले. रखमाजी हसला नाही, दाराकडे बघत राहिला. पुढे निकाल लागला: चित्रात दाखवलं ते दिलं नाही, पैसे परत करा, खर्चही द्या.

पैसे हातात पडले त्याच दिवशी तो कातरणारे आणायला निघाला. वारंगा फाट्यावर मला भेटला. पुढे मी लेकीकडे गेलो, आणि मी परत यायच्या आत तो वारला. कळप मात्र तेव्हा कातरलेला होता, विकलेला नव्हता.

त्या दिवशी फाट्यावर तो जीपच्या पायरीवर उभा होता.

"आत बसा की, जागा आहे," मी म्हणालो.

"बसून काय करू? उतरायचंच हाय. तुमी चाय पेले का?"

"पितो आता."

"प्या मग. साखर कमी सांगा त्याला."