तेलाचा उगम

अकोल्याच्या आमच्या तेलशोध कँपात नमुने तपासणारे एक गृहस्थ होते. विहिरीवरचा तवंग ते टीपकागदावर घेत आणि कागद उन्हात ठेवून शेजारी उकिडवे बसत.

"जमिनीतलं तेल डाग सोडते," ते म्हणत, "घासलेट उडून जाते."

पूर्णाकाठच्या एका गावाबाहेर, बौद्ध वस्तीच्या एकुलत्या विहिरीवर तवंग आला. तेल लागलं म्हणून वस्ती हरखली होती. कागद वाळून कोरा निघाला. त्यांनी तो घडी करून खिशात घातला.

"काहून खिशात घालून राहिले, साहेब?" एका म्हातारीने विचारलं.

"हे वरून ओतलेलं हाये, माय. पाणी पिऊ नका."

मी नोंदी ठेवत असे त्या रजिस्टरात 'तेलाचा उगम' या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: गाव.