एका मशीनपुरती परवानगी

दोन हजार सात साली गोंदियाच्या एका दुकानात मी कॉम्प्युटर जुळवून घेतला, तेव्हा दुकानदाराने एकच प्रश्न विचारला. "विंडोज ओरिजिनल चाहिए, या चलने वाला?" दोन्ही गुण एकाच डिस्कमध्ये मिळत नाहीत, असा त्याचा अनुभव दिसला. मी ओरिजिनल मागितलं. आजारी माणसाकडे पाहावं तसं त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आतून एक डबी धूळ पुसून आणून दिली.

मी तेव्हा केशोरीकडच्या आमच्या गावात पाणी वापर संस्थेचा सचिव होतो. इटियाडोह धरणाचा कालवा सुटला की उन्हाळी धानाला पाळीने पाणी द्यायचं. कोणत्या गट क्रमांकाच्या शेताला कोणत्या वारी किती तास, ती यादी माझ्याकडे. यादी लागली नाही तर कालव्याच्या वरच्या अंगाचे लोक आपापली दारं उघडी ठेवतात आणि शेवटच्या शेतापर्यंत पाण्याची फक्त बातमी पोचते. ते शेवटचं शेत एका विधवा बाईचं होतं. मागल्या हंगामात तिचा दीड एकर धान उभ्याने वाळला होता. म्हणून यंदा एकशे बारा गटांचे तास मी मिनिटापर्यंत कॉम्प्युटरवर बसवले होते.

गावात तोवर आणखी सहा कॉम्प्युटर आले होते. सहाही जण माझी डिस्क मागायला आले. मी परवाना शब्दकोश घेऊन पूर्ण वाचला होता. त्यात एकच मशीन होतं.

"काऊन देत नाही जी? घासून जाते का ते?" संस्थेचे अध्यक्ष म्हणाले.

"एकाच मशीनची परवानगी आहे."

"तुमच्या आज्यानं तलाव खोदला, तं पानी काय तुमच्याच बांधीत गेलं?"

याचं उत्तर परवान्यात नव्हतं. सहाही जणांनी मग 'चलने वाला' आणला.

कालवा सोमवारी सुटायचा होता. आधीच्या बुधवारी विजेच्या झटक्याने माझा मदरबोर्ड जळाला. गुरुवारी नवा बसवला, तर विंडोज म्हणे, तीन दिवसांत पुन्हा नोंदणी करा. मदतीच्या नंबरवर मी चोपन्न आकडे एकही न चुकता वाचून दाखवले. पलीकडच्याने नम्रपणे विचारलं, मदरबोर्ड बदललात का? मी खरं सांगितलं. मग परवाना जुन्या मशीनबरोबरच संपला, असं कळलं. कागद पुन्हा पाहिला. तसं लिहिलेलं होतंच. मी 'एक मशीन' असं समजलो होतो. परवाना 'हेच मशीन' म्हणत होता.

तीन दिवसांत यादी छापून घेता आली असती. पण संपलेल्या परवान्यावर एक पानही छापायचं नाही, असं मी ठरवलं. त्या बाईच्या धानाला माझ्या प्रामाणिकपणाचा केवढा आधार होता, हे यावरून कळावं.

रविवारी कॉम्प्युटर आत घेईना. अध्यक्ष आपली डिस्क घेऊन आले. "चोरीवाले सहाच्या सहा चालून राहिले, अन् साव तेवढा बंद."

ती मी घेतली नाही. शाळेतल्या मास्तरांकडे मासिकाबरोबर फुकट आलेली, विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची डिस्क पडून होती, ती आणली. आधी परवाना वाचला. कितीही मशीनवर वापरा, कोणालाही द्या. 'मात्र' कुठे येतं ते मी शोधत होतो. एक अट सापडली: ज्याला द्याल, त्याचा पुढे देण्याचा हक्क अडवू नका. अध्यक्षांचा तलावच होता तो. सहाही जणांना देऊ केली. फुकट आहे म्हटल्यावर कोणीच घेतली नाही.

लिनक्सने यादी उघडली. पण मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअरही मी विकतच घेतलेलं, तेही विंडोजपुरतं. त्यामुळे नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं उमटली. आकडे शाबूत होते. प्रिंटरही ओळख देईना. एकशे बारा नावं जुळवत बसायला वेळ नव्हता. दुपारभर बसून नुसते गट क्रमांक आणि तास हाताने उतरवले आणि ऊन असतानाच यादी चावडीवर लावली.

ती बाई आली. बोट फिरवत शेवटच्या ओळीवर थांबली.

"नाव नाही लिहिता आलं," मी म्हणालो.

"राहू द्या जी, भाऊजी. मागल्या साली नाव होतं, पानी कुठं आलं होतं?"

यंदा आलं. यादीच्या वेळेपेक्षा वीस मिनिटं उशिरा.