वेणूबाईंना चालता येईल असं गाव

हौसेराव रस्ता ओलांडताना पावलं मोठ्यानं मोजायचे. हात रिकामे असले तरी मान थोडी खाली, थोडी पुढे, पाठीवर गोणी असल्यासारखी. दुकानात कुणी वाटेत उभं असलं की तोंडातून 'बाजू' निघायचं आणि मग ओशाळून हसायचे. चहा बशीतून. बूट डावा आधी. वाशीच्या मार्केटमधलं माथाडीचं काम सुटून सात वर्षं झाली, तरी पहाटे तीनला जाग. आणि बायकोबरोबर, वेणूबाईंबरोबर, चालताना कायम त्यांच्या उजव्या हाताला. गाड्या त्या बाजूनं येतात म्हणून.

हे रुतिकाच्या लक्षात आलं होतं. ती त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायची. मराठी घेऊन एम.ए. झालेली, घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायची. रोज दुपारी ती वर जाऊन वेणूबाईंना पेपर वाचून दाखवी.

वेणूबाईंना काचबिंदू होता. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही.

"गाडी येताना दिसतच न्हाई गं," त्या म्हणायच्या. "एकदम म्होरंच असती."

खांदेश्वरला त्यांच्या सोसायटीच्या गेटसमोरून रुंद रस्ता जातो. न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर त्यावरून धडधडत जातात. भाजी, दवाखाना, देऊळ, सगळं पलीकडे. मागच्या दिवाळीत वेणूबाई एकट्याच पणत्या आणायला निघाल्या आणि मधल्या दुभाजकावर अडकल्या. पाऊण तास. पुढं जाता येईना, मागं येता येईना. कुणीतरी हाताला धरून आणलं, तेव्हा पिशवीवरची त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली. त्यानंतर त्या एकट्या खाली उतरल्या नाहीत.

डॉक्टर म्हणाले, नजर आणखी कमी होणार. नव्या जागेची सवय करायची असेल तर याच वर्षी.

म्हणून हौसेराव गाव शोधायला लागले. बाई घरातून एकटी निघेल, भाजी घेईल, दवाखान्यात जाईल, देवळात टेकेल आणि एकटीच परत येईल, एवढंच त्यांना हवं होतं. साताऱ्याकडचं त्यांचं मूळ गाव डोंगरावर. दवाखाना नऊ किलोमीटर.

"तितं आजारी पडायचं तरी एस.टी.ची येळ बघून पडाय लागतंय," ते म्हणायचे.

गावागणिक त्यांनी वहीत एक पान केलं होतं. अंतर मोजायचं माप त्यांचं स्वतःचं. गोणी खाली न ठेवता हमाल जेवढं चालेल, तेवढा एक दम. वेणूबाईंचा दम त्यांनी सोसायटीच्या आवारात मोजून घेतला. शंभर पावलं. मग पानावर ओळी यायच्या. स्टँड ते भाजी, तीन दम. मधे बसायला पार आहे. कुत्री चार, गरीब.

वेणूबाई फार वेळ एकट्या राहू नयेत म्हणून ते रात्रीच्या एस.टी.नं जायचे आणि दुपारपर्यंत परतायचे. सहा गावं झाली. पाचांवर काट बसली. भोरच्या पानावर काट नव्हती. तिथं तळमजल्यावरचं एक घरही त्यांनी पाहून ठेवलं होतं. घरमालकाला महिनाअखेर कळवायचं होतं.

"शांत गाव," ते म्हणाले. "रस्त्याच्या मधनं चाललो तरी कुणी हॉर्न मारला न्हाई."

रुतिका ते पान वाचत होती. तिनं सहज विचारलं, "काका, तुम्ही तिथे किती वाजता चाललात?"

"चारला उतारलो. सातला परत स्टँडवर."

"सगळ्याच गावांत?"

"सगळीकडं. दिवस तवाच सुरू हुतोय की."

रुतिकानं वही मांडीवर ठेवली. चाळीस वर्षं या माणसाचा दिवस पहाटे भरात असायचा. ट्रक, गोण्या, आरडाओरडा, सगळं उजाडायच्या आत. त्या वेळेला बाकीची गावं झोपलेली असतात, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

वेणूबाई आधी हसल्या. "आवं, झोपलेल्या गावाशी माझं जमवून आला व्हय?"

हौसेराव हसले नाहीत. त्यांनी पट्टी मागितली आणि भोरच्या पानावर दोन नवे रकाने आखले. दहा वाजता. सहा वाजता.

पुढच्या रविवारी तिघंही भोरला गेली. दहा वाजता हौसेरावांनी वेणूबाईंना स्टँडपाशी उभं केलं.

"तू म्होरं चालायचं. आम्ही धा पावलं मागं. हाक मारायची न्हाई."

"आन् मेले तर?"

"तर मार."

पहिला दम नीट गेला. दुसराही. भाजीच्या वळणावर एक मोटारसायकल उजवीकडून आली आणि पदराला लागून गेली. मग हातगाडी. मग जीप. वेणूबाई रस्त्याच्या मधोमध थांबल्या. मान इकडे वळवत, तिकडे वळवत. रुतिका पुढं होणार तेवढ्यात तिनं हौसेरावांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं होतं. 'बाजू' म्हणायचं होतं त्यांना, पण आवाज फुटत नव्हता. अख्खं मार्केट ज्यांना वाट द्यायचं, ते जागच्या जागी खिळले होते.

तेव्हा वेणूबाईंनी हात वर केला. नुसताच, कुणालाही न बघता.

टेम्पो थांबला. "आजी, सावकाश," ड्रायव्हर म्हणाला.

त्या पलीकडे पोचल्या आणि वळल्या. "आवं, या की. का न्यायला येऊ?"

हौसेराव रस्ता ओलांडून गेले आणि एका दुकानाच्या पायरीवर बसले. बराच वेळ उठले नाहीत. जानेवारी असून घाम पुसत राहिले. रुतिकानं त्यांचा हात धरला. गार होता. भीतीनं, असंच तिला वाटलं.

वहीत त्यांनी लिहिलं : थांबली. गाडीवाला थांबला. गेली.

परतीची गाडी चारची होती, म्हणून सहाची फेरी राहिली.

"बुधवारी येऊ," ते म्हणाले. "सहाला हापिसं सुटत्यात, अंधार पडतोय. तितं चालली तर घर घ्यायचं."

बुधवारी सकाळी रुतिका पिशवी घेऊन वर गेली. दार उघडंच होतं. हौसेराव दाराशी खुर्चीवर बसले होते. डाव्या बुटाची नाडी बांधलेली. उजवा बूट हातात. मान थोडी खाली, थोडी पुढे, नेहमीसारखी. म्हणून तिला लगेच काही कळलं नाही.

आतून वेणूबाई म्हणाल्या, "डबा झाला म्हणावं त्यास्नी. निघू या."

डॉक्टर रस्त्यापलीकडे. रुतिका धावत गेली. तो रस्ता तिनं कसा ओलांडला, हे तिला अजून आठवत नाही. डॉक्टर लगेच आले. उपयोग नव्हता. हृदय बंद पडलं होतं. त्या दिवाळीपासून ज्या रस्त्याची त्या घराला धास्ती होती, त्याच्यापर्यंत हौसेराव पोचलेच नव्हते.

मुलगी उज्ज्वला सुरतेहून आली. तिथं तिचं घर आठव्या मजल्यावर, हमरस्त्याला लागून. आईनं आता तिकडेच यावं म्हणते. वेणूबाई हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. महिनाअखेर चार दिवसांवर आली आहे. काल त्यांनी रुतिकाला वही काढायला लावली आणि भोरचं पान वाच म्हणाल्या. रुतिकानं दहाचा रकाना वाचला.

"आन् सहाचा?"

सहाच्या रकान्यात हौसेरावांनी ओळी आधीच मांडून ठेवल्या होत्या. स्टँड ते भाजी. भाजी ते दवाखाना. दवाखाना ते देऊळ. देऊळ ते घर. प्रत्येकीपुढे 'दम' लिहिलेलं होतं, आणि आकड्यापुरती जागा सोडलेली.