पेन्सिलबाईंची खूण मी काढली, त्याची गोष्ट

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे पेन्सिलबाई म्हणायचे. पन्नाशीच्या, आधी शाळेत गणित शिकवलेल्या, घरी अंथरुणाला खिळलेले वडील. आम्ही लिफ्टच्या कंट्रोलरचं कर्नल लिहायचो, म्हणजे यंत्राच्या अगदी तळाशी चालणारं सॉफ्टवेअर, आणि त्या ते तपासायच्या. आम्ही काय लिहिलं यावर त्यांचा विश्वासच नसायचा. आमचं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने शेवटी त्याचं काय केलं ते कागदावर छापून घ्यायच्या आणि पेन्सिलीने ओळ न् ओळ तपासायच्या. "कंपायलर फार हुशार आहे हो सर, म्हणूनच भीती वाटते," म्हणायच्या. मी हसायचो. नाकाने कांदे सोलणाऱ्यांत माझा पहिला नंबर.

नवा कंपायलर आला आणि बाई म्हणाल्या, लिफ्ट अडकतेय. दार बंद होतं, पण लिफ्ट हलत नाही. काम तसं साधं होतं. दाराकडे बघणारा प्रोसेसर मेमरीत एका जागी 'दार बंद' असं लिहितो, आणि दुसरा प्रोसेसर लूपमध्ये तीच जागा परत परत वाचत थांबतो. काय बिनसतंय ते दिसावं म्हणून मी त्या लूपमध्ये स्क्रीनवर आकडा छापणारी एक ओळ घातली. लिफ्ट सुतासारखी सरळ! ओळ काढून कंट्रोलरचा बोर्ड बाईंकडे दिला, की परत अडकली. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी सगळ्यांदेखत म्हणालो, "बाई, लिफ्ट तुम्हाला लाजते बहुतेक." सगळे खो खो हसले. बाई नवा कागद छापून घ्यायला गेल्या.

मीटिंगमध्ये त्यांनी साहेबांपुढे एक कागद ठेवला. साहेबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला.

एका ओळीभोवती पेन्सिलीने गोल केला होता. मेमरी वाचायची ती ओळ लूपच्या आत नव्हतीच, लूपच्या वर होती. या लूपमध्ये ती जागा कोणी बदलत नाही असं बघून कंपायलरने ती एकदाच वाचली आणि तेच उत्तर धरून बसला. दुसरा प्रोसेसर ती बदलणार आहे हे त्याला कोण सांगणार? त्यासाठी कोडमध्ये एक खूण घालतात: दर वेळी मेमरीतूनच वाच. माझी छापायची ओळ मध्ये आली की त्याला जुन्या उत्तरावर भरवसा ठेवता यायचा नाही, म्हणून माझ्याकडे सगळं नीट चालायचं.

ती खूण बाईंनीच सांगून घालून घेतली होती. महिन्यापूर्वी मी ती काढली. कोड देखणा दिसावा म्हणून. वर शेराही मारला होता: 'अनावश्यक.'

"काय म्हणता?" साहेबांनी विचारलं.

"बघावं लागेल," मी म्हणालो. "माझ्याकडे तर चालतंय."

मूग गिळून गप्प बसलो असतो तरी बरं होतं. साहेबांनी बाईंना तपासणीतून काढलं आणि जिन्याखालच्या खोलीत मॅन्युअल लिहायला बसवलं. त्याच दुपारी मी खूण परत घातली. शेरा मारला, 'किरकोळ दुरुस्ती.' लिफ्ट चालू लागली, आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली. ती थाप आठवली की अजून अंगावर काटा येतो.

दोन महिने मी त्या खोलीवरून जायचं टाळलं. समोरून बाई आल्या की फोन कानाला लावायचो. घरी बायको म्हणाली, "तोंड लपवत फिरतोस, कुणाचं काय खाल्लंयस?" तिलाही सांगितलं नाही. लाज वाटत होती, आणि त्या लाजेपेक्षा साहेबांची भीती मोठी होती. ही दुसरी लाज.

शेवटी एका सकाळी गेलो. खोलीत जेमतेम टेबल मावलं होतं.

"बाई, ती खूण मी काढली होती."

"माहीत आहे. बदलांच्या नोंदीत तुमचं नाव आहे ना. मीटिंगच्या आधीच बघितलं होतं मी."

"मग बोलला का नाहीत?"

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "साहेबांनी तुम्हाला विचारलं तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघत होते, सर. तुम्हाला कळलं होतं. मला वाटलं, आता सांगतील."

मला वर बघवेना. "उद्या सांगतो साहेबांना," मी म्हणालो.

"आत्ता आहेत की ते वर," बाई म्हणाल्या, आणि माझ्याआधी उठल्या.