दूधखोलीतला चमचा

आमची आई इस्पितळाच्या औषधविभागात तान्ह्या बाळांचं दूध बनवायची. ज्यांना साधं दूध पचतच नाही, अशा एवढ्याशा जिवांचं. पावडरीचे डबे वेगवेगळे आणि प्रत्येकाचा चमचाही वेगळा. एका डब्यातला चमचा दुसऱ्यात गेला, की दूध नको तितकं घट्ट होतं आणि बाळाच्या जिवावर बेततं. म्हणून तिथे दोघी लागतात. एकीने मोजायचं, दुसरीने बघायचं आणि मोठ्याने "बघितलं" म्हणायचं. त्याशिवाय बाटलीला झाकण लागत नाही.

दुसरी म्हणजे माझी आत्या. तिचा संसार मोडला तेव्हा आईनेच साहेबांच्या हातापाया पडून तिला तिथे चिकटवलं. ती आमच्याकडे आली, की घरीसुद्धा दोघींचा तोच खेळ. चहात साखर घालताना आत्या चमचा उंच धरायची, आई "बघितलं" म्हणायची, मग साखर पडायची. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो.

त्या दिवशी आत्या मोजत होती. तोंडाचा पट्टा चालू आणि हातात भलत्याच डब्याचा चमचा. आई ओरडली, "थांब! कुठला चमचा घेतलास?" आरडाओरडा ऐकून साहेब धावत आले, तोवर चमचा ओट्यावर पडला होता. दूध बाळापर्यंत गेलं नव्हतं, पण साहेबांचा पारा चढला.

"कोण मोजत होतं?"

"वहिनी," आत्या म्हणाली. पापणीसुद्धा लवली नाही तिची.

आई गप्प राहिली. का गप्प राहिलीस, म्हणून मी नंतर तिच्याशी कडाकडा भांडले. "मला वाटलं, आत्ता खरं सांगेल, मग सांगेल," एवढंच म्हणाली. त्या वाट बघण्यात तिची दूधखोली गेली आणि ती तळघरात खोकी लावायला लागली.

त्याच संध्याकाळी आत्या आमच्याकडे हजर! "वहिनी, तू नोकरीत कायमची आहेस गं. तुझी नुसती खोली बदलली. मला तर घरीच बसवलं असतं." खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच. मला तर तिला हाताला धरून बाहेर काढावंसं वाटत होतं.

वर चहाही तिनेच ठेवला. सवयीने साखरेचा चमचा उंच धरून आईकडे बघत थांबली.

"बघितलं" म्हणायच्या ऐवजी आईने विचारलं, "उद्या तू मोजणार, तर बघायला कोण?"

"नवीन मुलगी देणार आहेत."

"तिला सांगून ठेव, तुझ्या हाताकडे बघायचं. मी तोंडाकडे बघत राहिले."