सडक्या कांद्याचा वास

आमच्या वडिलांचं नाक माझ्याकडे आलं. दिसायला ते फारसं बरं नाही, पण कांद्याच्या ढिगात एखादा जरी सडका असला तरी ते त्याला बरोबर हुडकून काढायचं. चांदवडला माझ्या माहेरी कांद्याची चाळ आहे. लाकडी पट्ट्यांच्या भिंती, खालून वारा खेळावा म्हणून जमिनीपासून हातभर उंच, आत सहा कप्पे. उन्हाळ कांदा भरला की दिवाळीपर्यंत टिकतो. पण पावसाळी हवेत आतला एक सडला तर शेजारच्यांना घेऊनच जातो. म्हणून वडील मला लहानपणापासून चाळीभोवती फिरवायचे. ते गेल्यावर धाकटा भाऊ दर श्रावणात मला शहरातल्या माझ्या गंगापूर रोडवरच्या घरून घेऊन जाऊ लागला. मी पट्ट्यांना नाक लावून चालायची आणि म्हणायची, "इथं." तो तिथंच पट्ट्या काढून चाळ फोडायचा. चाळीत माझा शब्द शेवटचा होता आणि मला त्याचा चांगलाच ताठा होता.

मग करोना झाला. ताप आठ दिवसांत गेला, पण आपलं सामान इथंच ठेवून गेला. दोन जिने चढले की धाप लागायची, अर्धं वाक्य बोलून पुढचं विसरायची, आणि वास तर मुळीच नाही. तीन महिन्यांनी वास परत आला तो भलताच. चहाला जळक्या रबराचा वास. फोडणी पडली की मी गॅलरीत पळायची. आमचे हे म्हणाले, "तीस वर्षं माझ्या साबणाला नावं ठेवलीस, आता भोग." मला हसू आलं आणि रडूही.

भावाला मात्र मी यातलं काही कळू दिलं नाही. त्या श्रावणात तो न्यायला आला तशी निघाले. पहिल्या कप्प्याला नाक लावलं आणि कुजकट वास आला. दुसऱ्याला तेच, तिसऱ्याला तेच.

"सगळी सडली," मी जाहीर केलं. "आत्ताच्या आत्ता फोड."

भावानं लगेच माणसं लावून दोन दिवस चाळ उपसली. पाऊस तोंडावर, म्हणून कांदे ओट्यावर, पडवीत, शेवटी पलंगाखाली पसरले. सगळे कसे टणक आणि तांबूस! सडका म्हणून टोपलीभरसुद्धा निघाला नाही. भावजय माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "वन्सं, तुम्हाला बरं नाय ना?" मग मी कांद्यांच्या मधोमध बसून मोठ्यानं रडले आणि सगळं सांगितलं.

"आधी सांगायचं ना, आक्का," एवढंच भाऊ म्हणाला आणि चाळ पुन्हा भरायला लागला.

पुढच्या श्रावणात बोलावणं आलं नाही. मला आराम पडावा म्हणूनच त्यानं बोलावलं नसणार, हे कळत होतं. तरी फार लागलं. वडिलांचं एवढं एकच माझ्याकडे होतं, तेही मी घालवलं असं वाटे.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, नाकाला पुन्हा शिकवा. लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाबपाणी. चार डब्या, सकाळ-संध्याकाळ, डोळे मिटून. आमचे हे डब्यांची अदलाबदल करून माझी परीक्षा घ्यायचे आणि मी नापास झाले की मास्तरासारखे खाकरायचे. चालणंही आधी कोपऱ्यापर्यंत, मग बागेपर्यंत, मग एकदा न थांबता थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत. त्यानंतर एका सकाळी लिंबाला चक्क लिंबाचा वास आला. इतका आनंद झाला की मी सगळ्या बिल्डिंगला सरबत पाजलं. लोकांना वाटलं, मुलीचं लग्न ठरलं.

त्याच्या पुढच्या श्रावणात मी बोलावण्याची वाट न बघता एसटीत बसले. भाऊ चाळीपाशीच होता. मी थेट पट्ट्यांना नाक लावलं. सुक्या मातीसारखा, जरा गोडसर वास. चांगल्या कांद्याचा! तीन कप्पे तस्सेच. चौथ्यापाशी मात्र खालच्या अंगाला काहीतरी आंबूस आलं. गेलं. परत आलं.

"इथं," मी म्हणाले. "म्हणजे, मला आपलं वाटतंय. पण राहू दे रे. मागच्यासारखं व्हायचं."

माझं बोलणं संपायच्या आत त्यानं पट्ट्या काढायला घेतल्या होत्या. भावजय पाट्या घेऊन आली. कांदे घरंगळत बाहेर आले, चांगले, टणक, आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला. मग त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला आणि काळ्या चिखलात बरबटून बाहेर आला. असा भपकारा आला की भावजयीनं नाकाला पदर लावला. मी मात्र पोटभर वास घेतला. इतकं खरंखुरं घाण काही मी दोन वर्षांत हुंगलं नव्हतं! मी हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

भावानं हात धुतलासुद्धा नाही.

"आक्का, दोन वर्षं आंधळ्यासारखा चाळीत हात घालत व्हतो," तो म्हणाला. "चल, पाचवा दाखव."